दोनशे सातवं मत

ओस्टरझाईल, रविवार, दुपारची कॉफी झाल्यावर

प्रिय हेसलदादा,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलो तेव्हा पाठीत चमक आली, पण तुझ्यापुढे पाठीचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. तुझा तर अख्खा खुबाच नवीन बसवलाय.) नवीन खुबा कसा आहे? कुबड्या सुटल्या का? त्या व्यायामवाल्या बाईंशी अजून भांडतोस का? माझी बायको सांगत होती, यिक्के, की गुरुवारपासून तू जेवणाची ताटं परत पाठवतोस आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. नर्स म्हणतात खुबा दुखतो. मला वाटतं, तुला निवडणुकीचा निकाल कळलाय आणि माझ्यामुळे तुझं डोकं दुखतंय. दोन्ही खरं असलं तरी थोडं खात जा. उद्या यिक्के वाटाण्याचं सूप घेऊन येईल, त्याबरोबर हे पत्र. सूप आधी संपव, मग पत्र फोड. उलट केलंस तर सूप थंड होईल.

फोनच केला असता, पण तुझ्या शेजारच्या खाटेवरचे ते निवृत्त नोटरी तुझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज बंद करतात, आणि मला जे सांगायचंय ते नोटरींच्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत सबंध तालुक्यात होतं. स्वतः यावं म्हटलं तर पाय उचलत नाहीत. तसा मी भित्रा नाही, तुला माहीत आहे. अडतीस वर्षं होड्यांसाठी कालव्याचा पूल उघडण्यात काढली, दारू प्यायलेल्या जर्मन होडीवाल्यांना घाबरलो नाही. पण तुझ्या तोंडाकडे बघायची आज हिंमत नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो. नोव्हेंबरात रिक्स्तबाई घरी आल्या. (आपल्या शाळेतल्याच. 'गावहित' पक्षाच्या अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी पट्टी बाळगायचं सोडलंय, पण हात अजून तसाच फिरतो.) म्हणाल्या, नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीच्या शेपटाला एक ओळखीचं तोंड हवंय. ख्रिस्ती पक्षाने गुरांचे डॉक्टर टांगलेत, मजूर पक्षाने स्केटिंगचा जुना विजेता. गावहितकडे मी. पूल उघडेपर्यंत गावातल्या प्रत्येकाने माझं तोंड बघत पाच-पाच मिनिटं घालवलेली आहेत, त्याहून ओळखीचं तोंड कुठलं असणार? मी नीट चौकशी केली, दादा. विचारलं, चुकून निवडून आलो तर? त्या म्हणाल्या, "आउके, एकविसाव्या नंबरवरून आमच्यात आजवर कोणी निवडून आलेलं नाही. तू फक्त फोटोसाठी बरा स्वेटर घाल." यिक्केने निळा स्वेटर काढून दिला. फोटोत माझ्या हातात ती गळाची काठी आणि तिला लटकलेला लाकडी जोडा दिला, ज्यात होडीवाले पुलाचे पैसे टाकायचे. प्रत्येक फलकावर मी मासे पकडताना जोडा लागलेला माणूस दिसत होतो.

आपली नींके त्याच यादीत तिसऱ्या नंबरवर. तुला सांगायला नको, तू बाप आहेस, पण तू फेब्रुवारीपासून खाटेवर आहेस आणि मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. पोरगी कामावरून सुटली की सायकल काढायची, समोरून वारं अंगावर घेत एकेक शेतघर गाठायची. पालिकेने पोहण्याचा तलाव बंद करायचा घाट घातलाय ना, त्याचे सगळे कागद तिला तोंडपाठ. एका शेतकऱ्याने दारातूनच सांगितलं की मी पोहत नाही, तर ही म्हणाली, "पण तुमच्या मागे कालवा आहे आणि तुम्हाला चार नातवंडं आहेत." तिला आत बोलावून कॉफी पाजली त्याने. गावहितच्या मागल्या वेळी तीन जागा आल्या होत्या, या वेळीही तीनच येणार असं सगळे धरून चालले होते. म्हणजे तिसरी जागा तिची. तिच्याइतकी ती जागा कोणीच कमावलेली नाही, आणि मी तर नाहीच नाही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात तुझा लिफाफा आला. तुझ्या वतीने मी मत द्यावं म्हणून मागे सही करून माझ्या नावे केलेलं तुझं मतदानपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मी उघडली नाही. बाप आपलं मत कुणाला देणार हे वाचायला चष्मा कशाला लागतो? ती बॅरोमीटरच्या मागे खोचली आणि विसरून गेलो.

बुधवारी सकाळी मी घोड्यांच्या शाळेच्या कँटीनमध्ये मत द्यायला गेलो. (या वेळी केंद्र तिथे होतं. टेबलावरच्या तिघांनाही घोड्याचा वास लागलेला.) दोन कागद घेतले, एक माझा, एक तुझा. कागद कसले, टेबलक्लॉथच. आडोशाला गेलो, साखळीची लाल पेन्सिल उचलली. आणि तिथे, दादा, माझ्या डोक्यात एक किडा शिरला. यिक्केने नाश्त्यालाच सांगून टाकलं होतं, की ती नींकेला देणार, घरात एकाचं तरी डोकं जागेवर हवं. म्हणजे मला घरचंही मत नाही. निकाल तर केंद्रागणिक, नावागणिक छापून येतो. उद्या सगळं गाव वाचणार, की नंबर एकवीस, आउके पूलवाला, मतं शून्य. अडतीस वर्षं हात हलवून शून्य! बरं, स्वतःच स्वतःला द्यावं तर छापून येणार, मतं एक. ते तर शून्याहून वाईट, कारण ते एक कुणाचं हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी बराच वेळ उभा राहिलो. बाहेरून कोणीतरी विचारलं, काका, बरं वाटत नाही का? मग मी उरकलं, दोन्ही कागद एकत्र घडी करून पेटीत सारले आणि घरी आलो.

गुरुवारी क्रीडागृहात नावागणिक मोजणी. मी आणि नींके बघायला गेलो, बॅडमिंटनच्या रेघेच्या अलीकडे उभे राहिलो. पक्षाच्या तीन जागा आल्या हे आधीच कळलं होतं, तिने केक आणला होता. आता नुसती नावं मोजायची. अकरा वाजता माझ्या नावाचा गठ्ठा बोटभर झाला. साडेअकराला मुठीएवढा. रिक्स्तबाई माझ्याकडे बघेनाशा झाल्या. नियम तुला ठाऊक आहे, एका जागेला जेवढी मतं लागतात त्याच्या निम्म्याहून जास्त मतं एकट्याच्या नावावर पडली, की शेपटावरचा माणूस उडी मारून वर येतो आणि शेवटच्या जागेवरचा बाहेर पडतो. यंदाचं निम्मं होतं दोनशे सहा आणि वर अर्धं मत. (अर्धं कोण देतं, हे मी विचारलं. कोणी हसलं नाही.) म्हणजे दोनशे सात लागतात. दादा, माझा गठ्ठा दोनशे सहावर थांबला.

नींकेने श्वास सोडला तो मला ऐकू आला. तिने केकचं झाकण उघडलं. मी तिला मिठी मारली, मनापासून मारली. तेवढ्यात टेबल चारवरच्या बाई म्हणाल्या की घोड्यांच्या शाळेतून मतदार जितके आले त्यापेक्षा कागद एक कमी भरतोय. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. एकेक गठ्ठा उलगडायला लागले. मला दरदरून घाम फुटला. (का, ते पुढे.) शेवटी माझ्याच गठ्ठ्यात त्यांना दोन कागद एकात एक घडी घातलेले सापडले. त्या बाईंनी ते सोडवले, हाताने सपाट केले आणि दुसरा कागद वर धरला. लाल ठिपका एकविसाव्या चौकोनात. दोनशे सात.

कोणी टाळी वाजवली नाही. नींकेने मात्र केक कापला. पहिला तुकडा मला दिला. मला रडू आलं ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

आता गंमत ऐक. त्या दिवसापासून जो भेटतो तो कानात सांगतो की मीही तुलाच दिलं. बेकरीवाला म्हणाला, "म्हटलं बिचाऱ्या आउकेला कोण देणार? एक तरी पडू दे." पोस्टमन तेच म्हणाला. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या पक्षाचे उमेदवार असून तेच म्हणाले. दोनशे माणसांनी एकेकट्याने माझी कीव केली, दादा, आणि त्या कीवेची बेरीज होऊन मी नगरसेवक झालो. यिक्केने वसंतात दोघांनी भटकायला जायचं म्हणून होडीला वार्निश लावून ठेवलंय, ती आता धक्क्यालाच राहणार.

मी म्हटलं, सोपं आहे, पद नाकारायचं, जागा यादीतल्या पुढच्याला म्हणजे नींकेला. बुधवारी पाचच्या आत लेखी कळवायचं आहे. पण काल नींके आली. कोट काढला नाही, बिस्किटाच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभ्यानेच म्हणाली, "काका, तू नाकारलंस तर मीही नाकारणार. चार वर्षं मी तोंड उघडलं की लोक म्हणणार, ही काकाच्या उष्ट्या खुर्चीवर बसलीये. गावाने तुला निवडलंय, मला नाही." मी म्हटलं, मग जागा चौथ्या नंबरला जाईल. चौथा म्हणजे वोप्के, जो आयुष्यभर कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावर बोलत आलाय आणि ज्याच्या मते तलाव बुजवून तिथे डबे ठेवावेत. ती म्हणाली, "तर तू बस आणि तलाव वाचव." अरे, मला पुलाखालचं पाणी कळतं, तलावाच्या खर्चाचे तक्ते मला उलटे धरले तरी कळणार नाहीत. मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती हसली, माझ्या गालाला हात लावला आणि निघून गेली. आज ती आली नाही, फोन उचलत नाही.

असो. प्रकृतीला जप, व्यायामवाल्या बाईंचं ऐक. नोटरींना नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्र काय म्हणतं ते विचारतील.

तुझा धाकटा,
आउके

ता. क. गोष्ट कुठली, ते तू विचारशीलच. तर ऐक. एकात एक घातलेले ते दोन कागद माझ्या हातचे होते. एक माझा आणि एक तुझा, दादा. एक मत म्हणजे लाज, दोन म्हणजे निदान संशयाला जागा, असा हिशेब त्या आडोशात मी केला. तुझं मत मी तुझ्या लेकीला न देता स्वतःला दिलं. ते दोनशे सातवं मत तुझं. मी नींकेला हे जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, जागा उष्टी नाही, तुझीच आहे, मी चोरली. तिला वाटलं, तिने जागा घ्यावी म्हणून मी बनवून सांगतोय. म्हणाली, "काका, तुला खोटं बोलता येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलता आलं नाही म्हण. म्हणून हे सगळं पुराण. तिला दोन ओळी लिही, की तुझं मत तू तिच्यासाठीच पाठवलं होतंस. तुझ्या अक्षरातलं ती मानेल. माझं नाकारण्याचं पत्र सही करून तयार आहे. तुझ्या ओळी यिक्केबरोबर उद्याच पाठव, म्हणजे बुधवार हातात आहे. मग मला शिव्या घाल, सावकाश घाल.

आणखी एक ता. क. सोमवार सकाळ. यिक्के कोट घालून, सुपाचं भांडं हातात घेऊन दारात उभी आहे, म्हणून घाईत. नींकेला पुरावा दाखवावा म्हणून आत्ता बॅरोमीटरच्या मागची तुझी चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदा वाचली. 'आउके, नींकेला पुष्कळ पडतील. तुला शून्य पडलं तर बरं दिसणार नाही. माझं तूच घे.' आता कळलं तू भिंतीकडे तोंड का केलंस. दादा, उठून बस. चिठ्ठी मी शेगडीत टाकली, जळेपर्यंत समोर उभा होतो. तू तुझं मत पोरीलाच द्यायला सांगितलं होतंस, चोरलं ते मी. तसंच लिही. लिहिताना हात कापला तर खुब्यावर ढकल.