ट्रॅक्टरची चावी आणि हरण्याचं दावं

मंगळवार, दिवेलागण

आज घाटनांदूरहून जुना, छोटा ट्रॅक्टर घरी आला. हे स्वतः चालवत आले आणि आल्यापासून अंगणात त्याच्याभोवती फिरतायत. तीन एकरांना मोठा कशाला, हे मलाही पटलं होतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

विकणारे आजोबा साखर कारखान्याला ऊस घालायचे. विहीर आटली, ऊस मोडावा लागला, म्हणून ट्रॅक्टर विकायला काढला. चावी देताना त्यांनी तिच्यातला काळा गोफ सोडून खिशात घातला आणि नुसती चावी यांच्या हातावर ठेवली. "दावं देत न्हाईत, पाव्हणं," म्हणाले. बैल विकला की दावं घरीच ठेवतात, तसं. पण ट्रॅक्टरलाही? यांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. हे हसले नाहीत.

"लई जीव होता त्यांचा," एवढंच बोलले.

चारा नव्हता म्हणून आमचा हरण्या बैल विकला, त्याला दोन उन्हाळे झाले. त्याचं दावं अजून खुंटीला आहे. मागे पऱ्हाटीची मोळी बांधायला मी ते काढलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते हे.

मघाशी मी चहा घेऊन बाहेर गेले. हे ओट्यावर बसून त्याच दाव्याचा पीळ सोडवत होते. एक पदर कापला, चावीत ओवला, गाठ मारली. मग मी दिसले.

"चावी हरवती, म्हनून," म्हणाले.

मी म्हटलं, हरवती खरी.