कपाटातली मुलगी

४ मार्च, मंगळवार

पदवीदानाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं! विद्यार्थ्यांनीच मागणी केली म्हणे. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "सर, कपाटाची गोष्ट मात्र हवी हं!" आनंद झाला— चहा निवेपर्यंत टिकला. मग पुन्हा उत्तरपत्रिकांचा ढीग.

कॉलेजच्या बाकावर मी कधी बसलो नाही. वखारीत नोकरी करत, बाहेरून परीक्षा देत मानसशास्त्र शिकलो. माझी पदवी पोस्टानं आली, पुठ्ठ्याच्या नळीत, डावा कोपरा दुमडलेली. काळा झगा अंगावर चढणार तो आता, या वयात. आणि त्याच सभागृहात आमची ठकीही पदवी घेणार. बाप-लेक एकाच दिवशी!

५ मार्च

निमंत्रणपत्रिकेत माझं पदनाम चुकलंय. कळवलं. दुरुस्त होऊन आली, तर आता वेळ चुकली! पुन्हा कळवलं. हसतात मला. हसोत.

८ मार्च

जेवताना ठकी म्हणाली, "बाबा, कपाट नको. नाहीतर मी येत नाही."

चार वर्षांची असताना ही रुसून कपाटात जाऊन बसली होती. मी दार उघडलं नाही. समोर वही घेऊन बसलो. शेवटी पोर आपणहून बाहेर आली. मुलाला ओढू नका, वाट बघा— या एका निरीक्षणावर माझी सगळी मास्तरकी उभी आहे. दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो. नाव घेत नाही कधी. पण मुलं तिला 'कपाट' म्हणूनच हाक मारतात, हे आज कळलं.

"अगं, कौतुकच आहे ते."

"कौतुक तुमचं, कपाट माझं!"

शब्द दिला.

११ मार्च

कपाट काढलं की भाषणात उरतं काय? दात नसलेला कंगवा. लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. डोळे चुरचुरतात. नको झालंय सगळं.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

भाषण अर्ध्यावर आलं आणि लोक जांभया द्यायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, कपाट!" मग सगळेच. समोर ठकी मान हलवत होती— नाही, नाही. आणि माझी जीभ सुटली. टाळ्या थांबेनात! पुढे पदव्या वाटताना तिचं नाव दोनदा पुकारलं. कोणी उठलं नाही.

घरी आलो तर तिच्या खोलीचं दार बंद. बाहेर खुर्ची टाकून बसलो. ओढायचं नाही. येईल आपणहून.

बायकोनं पाण्याचा पेला हातात दिला. "अहो, उठा आता. तेव्हाही ती आपणहून नव्हती आली. तुम्ही पेनात शाई भरायला गेलात, तेव्हा मी दार उघडून तिला उचललं. रडून रडून घामाघूम झाली होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूष होतात!"

शाई संपली होती. स्वच्छ आठवतंय.

खुर्ची उचलून ठेवली. दाराला हात लावायचा धीर झाला नाही.

१६ मार्च

सकाळी दार ढकललं. आतून कडी लावलेलीच नव्हती.