शेजारच्या वेलाचं फूल

प्रिय वन्सं,

लग्न होऊन आले तेव्हा तू शाळेच्या गणवेशात होतीस. मी 'वन्सं' म्हटलं आणि तू फिसकन हसलीस. तेव्हापासून हाक मानाची आणि बोलणं अगंतुगंचं, ते आजही तसंच चालू दे.

काल भोपळा तोलला. तुमच्या बियाणे केंद्राच्या मागच्या आवारातला, ह्यांच्या वाफ्यातला. दोनशे बारा किलो! आठ जणांनी ताडपत्रीत धरून काट्यावर चढवला. सगळ्या कर्मचाऱ्यांनी लावलेल्या चौदा वेलांत पहिला. माळीबुवा म्हणाले, वहिनी, हा घरी न्यायचा तर आधी भिंत पाडा. एका वेलावर एकच फळ ठेवायचं म्हणून बाकीची कोवळी खुडली, तेव्हा माझा जीव तुटत होता. टाकायची कशी? पंधरा दिवस त्यांचीच भाजी केली. शेवटी हे म्हणाले, आता मलाच वेल फुटेल.

तू बदली मागून गेलीस त्याला चार महिने झाले. भांडारातलं जुनं बियाणं ह्यांनी नव्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ते तू साहेबांसमोर बोललीस. खरंच होतं ते. पण धाकट्या बहिणीनं चारचौघांत सांगावं, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. शेजारी तुझा वेल सुकत होता, तरी ह्यांनी तांब्याभर पाणी घातलं नाही. मीच घालायचे. ह्यांना दिसत नव्हतं असं नाही.

आता माझं ऐक. मादीफूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी ते दोऱ्यानं बांधून ठेवलं, मधमाशी शिरू नये म्हणून. सकाळी आपल्याच वेलाचं नरफूल त्यावर घासायचं, असं ठरलेलं. पण सकाळी ह्यांची कंबर धरली आणि मला पाठवलं. जाऊन बघते तर आपल्या वेलावर एकही नरफूल उमललेलं नाही. मादीफूल तर दुपारपर्यंत मिटणार. दोन पावलांवर तुझ्या वेलावर पाच फुलं टवटवीत. देवाचं नाव घेतलं आणि त्यातलं एक तोडलं. घरी येऊन वेलाच्या नोंदवहीत मात्र लिहिलं, 'पराग आपल्याच वेलाचा'. तुझं नाव काढलं की घरात दोन दिवस अबोला, म्हणून घाबरले गं. पुढे रोज देवापुढे हात जोडले की तीच ओळ डोळ्यांपुढे यायची.

काल टाळ्या वाजल्या. साहेब म्हणाले, शुद्ध वाणाचं फळ आहे, बी सगळ्या केंद्रांना पाठवू. तुमचं ते जनुकशास्त्र मला ठाऊक नाही, पण बाप बदलला की बी बदलतं, एवढं मॅट्रिकच्या अकलेलाही कळतं. उठले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

हे उठून पुढे आले. मला वाटलं, आता दुसरी बदली माझी. मग ह्यांनी वही मागितली, माझी ओळ खोडली आणि लिहिलं, 'पराग धाकटीच्या वेलाचा'. शेजारी सही केली. साहेबांना म्हणाले, काय करणार, आमच्या घरातल्या बायकांना तुमच्यासमोरच खरं बोलायची खोड आहे. सगळे हसले. हेही हसले. मी मात्र रडले, पण छातीवरचा दगड उतरल्यावर येतं ना, तसलं रडू.

रविवारी भोपळा कापून बी काढायचंय. तू आल्याशिवाय सुरी लावायची नाही, असं ह्यांनी साहेबांना बजावलंय. हे तुला आपल्या हातानं कळवणार होते. सकाळी तासभर कागद घेऊन बसले आणि तसाच टाकून कामावर गेले. एक बाजू कोरी होती, म्हणून मी त्यावरच लिहिलं. आता पान उलट. वर 'प्रिय चिमे' आहे, आणि खाली 'माझंच चुकलं'. त्यापुढे त्यांना सुचलं नाही. तेवढं तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

तुझीच,
वहिनी