शहापुरात झालेली माझी पेशी

दिघोरी,
डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप भोजराजमामांच्या चरणी भाचा घनश्याम याचा दंडवत. तुमचा मुतखडा एकदाचा पडला आणि तो डबीत घालून तुम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरा-क्वार्टरांतून दाखवत फिरता, असं मामींच्या निरोपावरून कळलं. फार आनंद झाला. (पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत जा, नंतर नको.) इकडे धान घरी आलं, बाबा खुशीत आहेत. आई मात्र माझ्याशी बोलत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

तुम्ही सुचवलेली, शहापूरच्या टेकचंदजी धानवाल्यांची रुखमिणी पाहायला आम्ही रविवारी गेलो. पोहे झाले, लाडू आले. मग मुलीची आत्या शकुनबाई पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "बापू, नागपुरात तुमी नेमकं काय करून राहिले जी?" मामा, इतक्या आपुलकीनं हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. (प्रयोगशाळेतले आमचे सर "अजून का करताय?" असंच विचारतात.) माझी जीभ सुटली. म्हटलं, आत्याबाई, कित्येक वर्षं माझं सगळं किडनीच्या पेशींवरच चाललंय.

बैठकीतले सगळे सावरून बसले. मला वाटलं, विज्ञानाचा आदर! आपल्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, हे प्रयोगशाळेत उंदरांच्या सहवासात राहणाऱ्या माणसाच्या ध्यानात यावं कसं?

"कोनाची किडनी होती?" टेकचंदजींनी हळूच विचारलं. उंदरांची, मी म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून मी आणखी सोपं करायला गेलो. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांचे गुच्छ असतात आणि त्यांना धरून या पेशी बसलेल्या असतात. रक्तातून एक रसायन निरोप घेऊन येतं आणि पेशीच्या दाराला चिकटतं. ते स्वतः आत जात नाही, पण आत कॅल्शियम वाढतं आणि पेशी अशी आखडते (इथे मी मूठ आवळून दाखवली, ती नेमकी टेकचंदजींच्या नाकासमोर). मग गाळणं कमी होतं. थोडक्यात, वरून हुकूम आला की पेशी आखडलीच!

"वरून म्हंजे हायकोर्टातून?" शकुनबाई म्हणाल्या. "अन् अंदर कोन गेला?" कॅल्शियम, मी म्हणालो. "तुमी नाही गेले?" मी कशाला जातो, मी बाहेरूनच बघतो आणि पेशी वाढवतो, असं मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. शकुनबाईंनी कपाळाला हात लावला. "पेशी वाढवते म्हणे! मंग त निकाल लागूनच नाही राहिला, बाई." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याच किडन्या आखडल्या.

एकटी रुखमिणी ओठ दाबून हसू आवरत बसली होती. ती सायन्स शिकली आहे, हे तुम्ही का नाही सांगितलंत? खाली मान घालूनच तिनं विचारलं, "मंग ते पेशी पुन्हा सैल होते का जी?" मामा, हा प्रश्न आमच्या सरांना अजून सुचलेला नाही! होते, एवढंच मला म्हणता आलं आणि हातातला लाडू मी पाण्याच्या पेल्यात बुडवला. मला हीच मुलगी हवी. दुसरी दाखवूसुद्धा नका.

तेव्हा पाया पडतो, लगेच शहापूरला जा. मी आरोपी नाही, मी कोणाची किडनी काढलेली नाही आणि कॅल्शियम नावाचा माझा कोणी साथीदार तुरुंगात नाही, हे त्यांना समजावून सांगा. मामींना नमस्कार.

तुमचा निर्दोष भाचा,
घनश्याम

ता. क. जाऊ नका! पत्र टाकायला निघालो, तर दारात खुद्द टेकचंदजी. होकार घेऊन आले! त्यांच्या तळ्याकाठच्या धानाच्या बांधीचा दावा कोर्टात कुजत पडलाय. म्हणाले, "इतक्या पेश्या करून बाहेर राहिलेला जवाई मले दुसरा कुठं भेटते?" लग्न लागेपर्यंत किडनीबद्दल एक अक्षर बोलू नका. मुतखड्याची डबीही लपवा.

आणखी एक. माझा हा उपयोग तुम्हाला कोणी सुचवला, असं मी भीत भीत विचारलं. तर म्हणाले, "कोन सुचवन? आमच्या रुखमिणीनंच."