ज्याच्या हाती बळ, त्याचाच हात वर

महाड, १२ जानेवारी २०२६

ती. रखमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाडीत रेंज नाही आणि फोनवरचं तू अर्धं विसरतेस, म्हणून लिहितेय. मी ज्या डिजिटल नाण्याचं काम करते, त्याला ना मालक, ना बँक. जगभरचे नाणेधारक मतं देऊन नियम ठरवतात. पण जितकी नाणी तितकी मतं, त्यामुळे चार बडे ठरवतात आणि हजारो गप्प बसतात. मी ठराव मांडलाय: माणशी एकच खातं, एका नाण्याला एक मत, शंभर नाण्यांना मात्र दहाच. पण तो पास व्हायचा जुन्याच नियमानं! ज्यांचं बळ घटणार, त्यांनीच होकार द्यायचा. तुझे जावई ऋत्विक तर हसतातच.

माया आहे तशीच ठेव.
तुझी अक्षदा

वरची वाडी, ता. पोलादपूर, २० जानेवारी

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

जावयांना हसू दे गो. आपल्या गावकीत जमीन मोजत नाय, घरामागं एक मत हाय. पर घरात बाप्या लागतो. तुझे आतोबा वारल्यापासून शिमग्याची पालखी दारी येते, मत कोण विचारत नाय. तुझं काय झालं ते कळव. जीव लागलाय.

तुझी आत्या

महाड, २ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

आत्या, ठराव पास झाला! शेवटपर्यंत आम्ही हरत होतो. मग सगळ्यात मोठ्या खात्यानं होकार दिला. ते कुणाचं, कुठल्या देशातलं, कुणालाच ठाऊक नाही. खाली एवढंच लिहिलं होतं, की सगळं मीच ठरवणार असेन तर तुम्ही इथे थांबाल कशाला? कुणाची जबरदस्ती नव्हती गं. मी ते तीनदा वाचलं. ऋत्विकही हसायचे थांबले.

तुझीच, अक्षदा

वरची वाडी, १५ फेब्रुवारी

चि. अक्षदास आशीर्वाद.

तुझं पत्र मी गावकीत वाचलं. मग विचारलं, की आमच्या घराचं मत कुठं गेलं? शेवटी कोंडाजी उठले. त्यांच्या शब्दाबाहेर वाडी जात नाय. म्हणाले, की चूल पेटते तिथं मत हाय, रखमाचा हात मोजा.

लगेच पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. कोंडाजींना ती देवळापाशी हवी होती, मी टेपावरच्या, चढावरल्या घरांसाठी हात वर केला. आम्ही हरलो. पर मोजायला कोंडाजीच उभे होते, गो. माझ्यापाशी आले, थांबले, आणि आपल्याच विरुद्धचं मत मोठ्यानं मोजून पुढं गेले.

दोघं सुखी रहा, आत्याला विसरू नका.
रखमा