एका हाताला दोन रेलिंग

२ डिसेंबर

आज ठरवलं. जिन्याला रेलिंग बसवायचं. ह्यांना विचारून नाही, सांगून.

सांगितलं. हे म्हणाले, "नंदीध्वज पेललेला माणूस पाइप धरून उतरंल व्हय?" दिवाळीत झटका आला, डावा हात-पाय अजून ऐकत नाही — पण तोरा तोच! जिन्यात सासऱ्यांच्या काळापासूनचा दोर लोंबतोय. धरला की झोपाळ्यासारखा हलतो. त्याच्या भरवशावर एकदा उतरायला गेले आणि मधेच पायरीवर बसले. तेव्हापासून वरच्या मजल्यावरच आहेत.

जत्रा महिन्यावर आली. नंदीध्वज, देवाच्या त्या उंच, जड काठ्या, आमच्या घरावरून जातात. दर वर्षी हे खाली ओट्यावर उभं राहून हात जोडतात. यंदाही जोडतील. आपल्या पायांनी उतरून.

३ डिसेंबर

दोर विळीनं कापून टाकला. आता माघार नाही.

६ डिसेंबर

फॅब्रिकेशनवाला शिवू येऊन गेला. मोबाइलवर फोटो दाखवत बसला — चौकोनी जाड पाइप, मधे मोर, टोकाला पितळी गोळा. "लई शो येतंय काकू." मी आतून लाटणं आणलं. म्हटलं, मूठ आवळ. बोटं मिटली ना? मग एवढाच गोल पाइप. मोर तुझ्या घराला लाव.

दोन्ही भिंतींना हवं म्हटल्यावर हसायला लागला. "जिना अरुंद हाय की. एकीकडं बास." त्याला जिन्यात उभं करून दाखवलं — उतरताना उजवा हात ह्या भिंतीकडं, चढताना त्या. ह्यांचा चांगला हात एकच. तो काय खांद्यातून काढून दुसरीकडं बसवायचा? मग मोबाइल खिशात घातला. पाइप आणि भिंत यांत बोटं जातील एवढी फट ठेव म्हटलं. टोकं भिंतीकडं वळव, नाहीतर माझा पदर अडकायचा. आणि शेवटच्या पायरीवर संपवू नको, ओट्यापर्यंत ने.

हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

९ डिसेंबर

दूध घेऊन वर येताना पाय सटकला. कोपर सोललं, दूध गेलं. धरायला आता दोरही नाही, मीच कापलाय! आतून हाक आली, "काय पडलं गं?" म्हटलं, मांजर. त्यांना कशाला घोर. माझं काय, मी भिंतीला टेकत जाते.

१५ डिसेंबर

शिवू फोन उचलत नाही.

१९ डिसेंबर

शिवूच्या दुकानात जाऊन स्टुलावर ठाण मांडून बसले. काम केव्हा करतोस ते सांग, मग उठते. दोन जानेवारी म्हणाला.

२० डिसेंबर

खालच्या मजल्यावर आमचे भाडेकरू अनिलकुमार, त्यांचं चादरींचं दुकान. वर येऊन म्हणाले, "कशाला ही कटकट काकू? चार पोरं लावतो. अप्पांना खुर्चीसकट उतरवू की." माणूस चांगला आहे, मनापासून बोलला. पण हे उठले आणि भिंत धरत आतल्या खोलीत गेले.

मी मागून गेले. भिंतीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "खुर्चीतनं न्यायचं आसंल तर मला जत्रा नको." आवाज फुटला होता. इतक्या वर्षांत ह्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. मला रडू आलं, पण रडत बसले असते तर दोघंही तिथंच राहिलो असतो. म्हटलं, कोणी उचलणार नाही. उठा, माप घ्यायचंय.

उठले! जिन्याच्या तोंडाशी उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि मनगटापाशी भिंतीवर खडूनं रेघ ओढली. ताडमाड माणूस. त्यांचं मनगट म्हणजे माझं कोपर.

२ जानेवारी

संताप संताप झालाय. ह्यांची औषधं आणायला गेले, तेवढ्यात शिवूनं काम उरकलं. पाइप खडूच्या रेघेखाली चांगला वीतभर! म्हटलं, डोळे आहेत ना तुला? खाली बघत म्हणाला, "वर भित पोकळ हाय काकू." मी ठोकून बघितलं. कुठं पोकळ? हे मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते, जसं काही रेलिंग शेजारच्यांचंच.

पाइपला अख्खी लोंबकळले. हलला नाही. तेवढं एक बरं केलंय. "जत्रा झाली की वर घेऊन देतो," म्हणाला. आता भोकं बुजवून परत पाडायला वेळ नाही. आहे त्यावर भागवायचं.

५ जानेवारी

पहिला सराव. पायरी उतरले की "साकु, साकु" — पुरे, पुरे. राग आला की हे कानडीत जातात. मी मराठीतच म्हटलं, अजून एक.

८ जानेवारी

अर्धा जिना. चढताना आपोआप दुसऱ्या भिंतीकडं वळले.

१३ जानेवारी

उतरले.

पांढरी बाराबंदी घातली होती. मी एक पायरी पुढं, उलटी. हात लावायचा नाही अशी ताकीद होती. आधी अधू डावा पाय खाली, मग उजवा — डॉक्टरांनी शिकवलं तसं. ओट्यावर पोचले, पाइप सोडला, ताठ उभे राहिले. नंदीध्वज आले तेव्हा पेलणाऱ्यांतला एकजण ओरडला, "अप्पा उतरले की!" ह्यांनी उजवा हात छातीशी धरला. डावाही थोडा वर आला.

मी पोटभर रडले. लपवलं नाही.

एकच सलतंय. पाइप खाली, म्हणून अख्खा जिना वाकून उतरावा लागला. ज्या माणसानं नंदीध्वज कधी कलू दिला नाही, त्याला गल्लीनं वाकलेलं बघितलं. शिवूला सोडणार नाही.

१७ जानेवारी

शिवूला बोलावून घेतलं. ड्रिल घेऊन आला, पण जिन्यातच घुटमळला. म्हटलं, काढ पाइप, रेघेवर घे. तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"काकू, माप माझं न्हाय चुकलं. अप्पाच म्हटले — आमच्यात एक मांजर हाय. दूध सांडतंय, पडतंय, आन् सांगत न्हाय. त्याच्या हाताला येईल आसं बसव. मी वाकतो की."

शिवूला चहा दिला आणि परत पाठवला.