मुलींची सोय

मेट्रनबाई, आज संध्याकाळी सून ड्यूटीवरून आली आणि चपला काढायच्या आधी, उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी प्याली. दिवसभरातलं पहिलं पाणी. तुमच्याच दवाखान्यात नर्स आहे ती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आमच्या घरातली संध्याकाळ अजून अशीच होते.

नवरा वारल्यावर मी आया म्हणून लागले तेव्हा कित्येक सिस्टरांपेक्षा वयानं लहान होते, तरी सगळ्यांची मावशी झाले. पहिलं काम शिकले ते दार धरायचं. वॉर्डामागं पेशंट, त्यांचे पावणे, गडीमाणसं, सगळ्यांना मिळून जायची जागा एकच, आणि तिच्या दाराला कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. 'मावशी, चल की, दार धर.' धरायला कुणी नसेल तर जायचं नाही, आणि जायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. थोरल्या आयेनं मला सांगून ठेवलं होतं, 'सकाळी च्या प्यालीस न्हवं? मग आता घरला गेल्यावरच पाणी बघायचं.' लघवीची जळजळ सगळ्यांनाच. एकमेकींना धण्याचं पाणी सांगायचो. ते प्यायचं कधी, हे कुणी सांगत नव्हतं. मग एक सिस्टर तापानं फणफणली, मूत्रपिंडाला सूज आली आणि आपल्याच वॉर्डात पेशंट होऊन पडली. डॉक्टर राउंडला आले नि म्हणाले, भरपूर पाणी प्या. तिच्यासकट सगळ्याजणी हसल्या. तुम्ही हसला नाहीत.

तुम्ही दवाखान्याच्या कमिटीपुढं गेलात. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी आहे. सगळे पुरुष बसलेले. तुम्ही जरा अडखळता, मग म्हणता, 'मुलींची काही सोय नाही. त्यांची सोय करून द्या.' चेअरमन गुळाचे व्यापारी, मोठ्या आवाजाचे. 'करतो की बाई, ह्यात काय मागायचं?' थोड्याच दिवसांत वॉर्डात पितळी तोटीचा भला मोठा माठ आला. गळ्यात झेंडूचा हार. चेअरमननी नारळ फोडला आणि पहिला पेला तुमच्या हातात दिला. 'सोय मागितलीसा, केली की.' टाळ्या झाल्या. तुम्ही तो पेला धरून उभ्या राहिलात, ओठाला लावला नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पुढच्या मीटिंगला तुम्ही अडखळला नाहीत. 'संडास पाहिजे. मुलींचा वेगळा, आतून कडी असलेला.' चेअरमनचा कप बशीवर वाजला. कुणीतरी म्हणालं, 'च्या पिताना कसलं वो बाई हे?' दुसरा कुणी खिडकीकडं तोंड करून हसला. दुपारपर्यंत शिपायांनी तुमचं नाव संडासबाई पाडलं होतं, आणि उन्हाळा सरायच्या आत गगनबावड्याला बदली झाली. जायच्या दिवशी मी व्हरांड्यात जुना पेपर वाचत होते. औषधांच्या बाटल्यांवरून अक्षरं लावत लावत मी आपली आपणच वाचायला शिकले होते, त्यामुळं वाचताना ओठ हलायचे. तुम्ही रागावलात, 'ओठ हलवू नकोस गं, मनात वाच.' दोन पावलं गेलात, मागं वळलात. 'राहू दे. हलव.' एवढंच शेवटचं बोलणं. तिथल्या ओलीनं तुमची छाती धरली. दुसरा पावसाळा तुम्ही बघितला नाहीत.

पुढं तो बांधला, बाई. आतून कडी बसली. बाहेरून कुलूपही बसलं. साहेबांचे पावणे आले की उघडतात. किल्ली ऑफिसात हेडक्लार्ककडं, आणि मागायला गेलं की तो सगळ्यांदेखत विचारतो, 'कशाला पाहिजे?' पोरी मागत नाहीत. माठ मात्र अजून आहे, रोज सकाळी घासून भरतात. मला वाटायचं, माणूस गेलं तरी त्यानं मागितलेलं मागं उरतं. तसं काही नसतं. उरतं ते नाव. नवीन शिपायांना तुमचं खरं नाव ठाऊक नाही, ते दुसरं ठाऊक आहे.

मघाशी मी भाकरी करत होते तेव्हा सुनेनं विचारलं, 'आई, तुमच्या मेट्रनबाईंची बदली कशापायी झालती?' मी म्हणाले, पोरींची सोय मागितली म्हणून. ती म्हणाली, 'कसली सोय?' मी भाकरी थापत राहिले. ती पोराला घ्यायला उठून गेली.

आता सगळे निजलेत. हे पत्र कुठं टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. लिहून झाल्यावर सवयीनं ओठ हलवत पहिल्यापासून वाचून काढलं. तुम्ही न अडखळता उच्चारलेल्या त्या एका शब्दापाशी आले आणि ओठ मिटले.